घरचा प्रिंटर निवडताना: कार्ट्रिज, इंक टँक की लेझर?

प्रिंटर घ्यायला निघालेला माणूस साधारण तीन गोष्टी विचारतो. किंमत किती, रंगीत छापतो का, वायफाय आहे का. वर्षभराने त्याची तक्रार मात्र या तिन्हींपैकी कशाबद्दलच नसते. ‘सारखा कागद अडकतो’ किंवा ‘काळी शाईच उमटत नाही’, फिरून फिरून याच दोन. म्हणून ही तुलना मी त्या टोकापासून करतो आहे: कोणता प्रिंटर किती काळ पडून राहिला तरी चालतो, आणि त्यात कागद अडकला तर तो तुमच्या हाताने निघतो का.

घरगुती प्रिंटरचे मुख्य प्रकार तीन. कार्ट्रिजवाला इंकजेट, बाटलीतून शाई भरायचा इंक टँक आणि लेझर. पहिले दोन एकाच तत्त्वावर चालतात. केसाहून बारीक छिद्रांतून, म्हणजे नोझलमधून, शाईचे थेंब कागदावर सोडायचे. लेझरमध्ये शाई नसतेच. टोनर ही प्लास्टिक आणि रंगद्रव्याची भुकटी असते. विजेच्या भारामुळे ती ड्रमला, म्हणजे आतल्या फिरत्या नळकांड्याला, चिकटते, तिथून कागदावर उतरते आणि सुमारे 200 अंश सेल्सिअसला तापलेला फ्यूझर तिला वितळवून कागदावर पक्कं बसवतो. शाई वाळते, भुकटी वाळत नाही. देखभालीतले बहुतेक फरक इथूनच सुरू होतात.

पडून राहिल्यावर

सुट्टीवरून परत यावं, एक अर्ज छापायला घ्यावा आणि पानावर पांढरे पट्टे यावेत, हा इंकजेटचा नेहमीचा त्रास. नोझलच्या तोंडाशी शाई वाळलेली असते. पण ती वाळल्यावर पुढे काय, यावर कार्ट्रिज आणि टँक वेगळे पडतात.

एचपीच्या बऱ्याच घरगुती मॉडेलांत नोझल कार्ट्रिजलाच खालच्या बाजूने बसवलेले असतात. ते तुंबले तर धागे न सुटणारं कापड कोमट पाण्यात भिजवून घट्ट पिळायचं आणि त्यावर कार्ट्रिज नोझल खाली करून मिनिटभर टेकवून ठेवायचं. कापडावर शाईचा ठसा उमटला की वाट मोकळी झाली. नाहीच झाली तर नवं कार्ट्रिज घालायचं, म्हणजे हेडही, म्हणजे नोझल असलेला भाग, आपोआप नवं येतं. एपसनच्या घरगुती टँक प्रिंटरमध्ये हेड मशीनमध्येच कायमचं बसवलेलं असतं. ते टिकाऊ असतं, पण पुरतं तुंबलं तर काम सर्व्हिस सेंटरचं. कॅननच्या जी मालिकेतल्या बऱ्याच टँक प्रिंटरांत हेड सुटं काढून बदलता येतं. टँक प्रिंटर घ्यायचा ठरला असेल आणि छपाई अनियमित असेल, तर माझ्या मते सगळ्यात आधी हेच विचारून घ्या. पानामागचा खर्च त्यानंतर.

तुंबल्याची शंका आली की लोक लगेच ‘हेड क्लीनिंग’ दाबतात, एकदा, दोनदा, पाच वेळा. असं करू नका. आधी ‘नोझल चेक’चं पान काढा. त्यावर प्रत्येक रंगाच्या बारीक रेघांची जाळी असते. रेघ जिथे तुटलेली दिसते ते नोझल बंद. सगळ्या रेघा सलग असूनही छपाई फिकी असेल तर दोष हेडचा नाही. कागदाचा प्रकार किंवा छपाईचा दर्जा सेटिंगमध्ये चुकलेला असतो. रेघा तुटलेल्या असतील तर दोन-तीनदा क्लीनिंग करा, तरी फरक पडला नाही तर प्रिंटर काही तास तसाच राहू द्या. वाळलेली शाई मधल्या वेळात भिजते आणि पुढच्या क्लीनिंगला बऱ्याचदा सुटते.

प्रत्येक क्लीनिंगला शाई जाते, आणि ती कुठे जाते हे फार थोड्यांना माहीत असतं. प्रिंटरच्या तळाशी शोषून घेणारे पॅड असतात. ते भरले असं प्रिंटरच्या हिशेबाने ठरलं की तो छापणंच थांबवतो. काही मॉडेलांत हा ‘मेंटेनन्स बॉक्स’ दोन स्क्रू काढून किंवा नुसता ओढून बदलता येतो, काहींत मशीन उघडायला लागतं. दोन टँक प्रिंटरमध्ये अडला असाल तर बदलता येणाऱ्या बॉक्सचा घ्या.

इंकजेट कोणताही असो, तो त्याच्या स्वतःच्या बटणानेच बंद करा. बटण दाबलं की हेड कडेला जाऊन टोपीखाली बसतं आणि नोझल झाकले जातात. भिंतीवरचा स्विच थेट बंद केला तर हेड वाटेतच उघडं राहू शकतं. आठवड्यातून एखादं रंगीत पान छापत राहिलात तर वरच्या बऱ्याच भानगडी टळतात. टाकीतली शाई खालच्या खुणेच्या आत कधी जाऊ देऊ नका, नाहीतर नळ्यांमध्ये हवा शिरते आणि ती बाहेर काढायला भरपूर शाई खर्ची पडते.

लेझरबद्दल या भागात सांगण्यासारखं थोडंच आहे. सहा महिने झाकून ठेवा, चालू करा, पहिलं पान स्वच्छ येतं.

कागद अडकतो तेव्हा

तिन्ही प्रकारांत कागद अडकतो. किती वेळा अडकेल हे शाईपेक्षा कागदाच्या वाटेवर जास्त ठरतं, म्हणून इथे तुलना वेगळ्या दोन गटांत करायला हवी: मागून उभा कागद घालायचा की पुढच्या ट्रेमधून.

पुढचा ट्रे दिसायला नेटका, कागद धुळीपासून झाकलेला, जागाही कमी लागते. पण कागद ट्रेमधून आत जातो, रोलरभोवती अर्धा फेरा मारतो आणि पुन्हा पुढेच बाहेर येतो. साध्या 70 ते 80 जीएसएमच्या (चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाच्या) कागदाला याचं काही वाटत नाही. जाड कार्ड, पाकीट, स्टिकरचा कागद या वळणावर अडतो. मागून घालायच्या प्रिंटरमध्ये कागद जवळपास सरळ उताराने जातो. मुलांचे प्रकल्प, आमंत्रणपत्रिका, लेबलं असं काही छापणाऱ्या घराला मी मागचा फीड असलेलाच प्रिंटर सुचवेन. त्याची एकच खोट, वरचं तोंड उघडं. पेन्सिल, पिन, खोडरबर त्यात पडतं आणि मग प्रत्येक कागद तिरका ओढला जातो. झाकण बंद ठेवायची सवय लावा. दोन्ही बाजूंनी आपोआप छापणारा डुप्लेक्स सोयीचा खरा, पण छापलेला कागद पुन्हा आत ओढला जातो, म्हणजे अडकायच्या जागा वाढतात. मागचं दार किंवा डुप्लेक्सचा भाग हाताने सहज निघत नसेल तर अशा मॉडेलपासून लांब राहा.

अडकलेला कागद काढताना पहिला नियम म्हणजे घाई नको. प्रिंटर बंद करा, वायर काढा. कागद दोन्ही हातांनी, दोन्ही कडांना धरून, तो ज्या दिशेने चालला होता त्याच दिशेला सावकाश ओढा. एका कोपऱ्याला धरून हिसका दिला की कागद फाटतो, आणि आत राहिलेला नखाएवढा तुकडा अख्ख्या पानापेक्षा जास्त छळतो. फाटलाच तर तुकडे जोडून पाहा, कुठला कोपरा कमी आहे ते कळतं. मग टॉर्च लावून तो शोधायचा.

इंकजेटमध्ये वरचं झाकण आणि मागचं दार उघडलं की बहुतेक वाट डोळ्यांसमोर येते. हेड मध्ये आलं असेल तर हलकेच कडेला सरकवा. सरकत नसेल तर जोर लावू नका, खाली कागदाची घडी बसलेली असते, ती आधी काढा. हेडच्या मागे आडवी एक पारदर्शक पट्टी दिसेल. तिच्यावरच्या अतिसूक्ष्म रेघा वाचून हेड आपली जागा ओळखतं. तिला बोट लावू नका. शाई किंवा तेलकट हात लागला की आत कागद नसतानाही प्रिंटर ‘पेपर जॅम’ दाखवत बसतो. ओलसर कापडाने ती अलगद पुसली तर हा खोटा जॅम पुष्कळदा जातो. ‘जॅम’ दिसतो पण कागद सापडत नाही, याचं दुसरं नेहमीचं कारण सेन्सर. कागदाच्या वाटेतली छोटीशी प्लास्टिकची पट्टी दाबून सोडल्यावर उडी मारून जागेवर यायला हवी. येत नसेल तर तिथे कागदाचा कण अडकला आहे.

लेझरमध्ये हेच काम जरा धास्तीचं. फ्यूझर चटका देतो, म्हणून मागचं दार उघडून अर्धा तास थांबा. टोनर-ड्रमचा संच बाहेर काढाल तेव्हा त्याच्यावर जाड कापड टाका, कारण ड्रमला उजेड सोसत नाही. त्याच्या चकचकीत पृष्ठभागाला बोट लागलं तर पुढच्या प्रत्येक पानावर ठराविक अंतराने तोच डाग दिसू शकतो. फ्यूझरपर्यंत न पोचलेल्या कागदावरची भुकटी पक्की झालेली नसते, ती हाताला आणि कपड्यांना लागते. ती थंड पाण्याने धुवा, गरम पाण्याने ती आणखी बसते. सांडलेला टोनर घरच्या व्हॅक्यूम क्लीनरने ओढू नका. कण इतके बारीक असतात की फिल्टरमधून परत खोलीत येतात.

कागद वारंवार अडकत असेल तर तिन्ही प्रकारांत संशयित एकच, कागद ओढणारा रबरी रोलर. कागदाची धूळ बसून तो गुळगुळीत होतो आणि कागदावरून नुसता घसरतो. पाण्याने किंचित ओलं केलेलं, धागे न सुटणारं कापड घेऊन रोलर हाताने फिरवत पुसा, वाळू द्या, मग कागद घाला. एवढ्याने फरक न पडता रबर चकाकतच राहिलं तर रोलर बदलायची वेळ आली. लेझरच्या पुष्कळ मॉडेलांत तो सुटा मिळतो.

आणि कागद! पावसाळी हवेत उघडा राहिलेला गठ्ठा ओल धरतो, कडा वळतात, दोन-दोन कागद एकदम जातात. गठ्ठा घालण्याआधी कडेने फुलवून घ्या, वेगवेगळ्या जाडीचे कागद एकत्र घालू नका, उरलेला रीम त्याच्याच वेष्टनात ठेवा. अर्धी लेबलं काढलेला स्टिकरचा कागद पुन्हा घालू नका. इंकजेटचा फोटो पेपर लेझरमध्ये घालणं तर सर्वात वाईट. त्याचा थर फ्यूझरच्या उष्णतेने वितळून आतच चिकटू शकतो.

मग घ्यायचा कोणता?

महिन्यात दोन-चार पानं, तीही बहुतेक काळी असतील तर एकरंगी लेझर. किंमत थोडी जास्त वाटेल, पण टोनर वाळत नाही आणि हेड नावाची काळजी नाही. मात्र फोटोंची आशा धरू नका, आणि तो घरच्या छोट्या यूपीएसला जोडू नका, कारण फ्यूझर तापताना एकदम बराच करंट ओढतो.

घरात शाळकरी मुलं, रोज काही ना काही रंगीत छपाई असेल तर टँक. रोजच्या वापराने नोझल वाहते राहतात, म्हणजे त्याची सर्वात मोठी दुखरी बाजू आपसूक झाकली जाते. तोच टँक केवळ ‘पान स्वस्त पडतं’ म्हणून क्वचित छापणाऱ्या घरात आणला तर शाई कागदाऐवजी क्लीनिंगमध्ये जाते. खोक्यावर लिहिलेली पानांची संख्या सलग छपाई करून मोजलेली असते, अधूनमधून छापणाऱ्याच्या वाट्याला ती येत नाही.

कार्ट्रिज इंकजेटला हल्ली सगळे नावं ठेवतात. शाई महाग पडते हे खरंच. तरी छपाई तुरळक पण रंगीत हवी असेल, तर हेडसकट बदलणारं कार्ट्रिज हाच मला सुरक्षित पर्याय वाटतो. फक्त एक रंग संपला की काळं छापायलाही नकार देणारी काही मॉडेलं असतात, ते आधी विचारा.

निवड दोन मॉडेलांवर आली की खरेदीआधी दोन्ही उघडून बघा. मागचं दार काढा, ट्रे पूर्ण बाहेर ओढा, आत हात घाला. रोलर बोटांना लागतो का, कागदाची वाट डोळ्यांनी शेवटपर्यंत दिसते का, दार परत लावताना खटक नीट बसते का, हे दोन मिनिटांत कळतं.