हॉलस्टॅटची मिठाची खाण: जळगावकरांनी नक्की बघावी

ऑस्ट्रियात गेलात तर हॉलस्टॅटला नुसते तळ्यासोबत फोटो काढून परत फिरू नका भो, वर डोंगरात मिठाची खाण आहे तिची गाईडेड टूर घ्याच, आमच्या घरचे सगळे, आई पण, खूश झाले. आधी अंगावर घालायला कपडे देतात, मग बोगदा, मग लाकडी घसरगुंड्या, त्यातली एक तर ६४ मीटर लांब! पण मला खरं वेड लावलं ते जिन्याने. ख्रिस्तपूर्व १३४४ चा लाकडी जिना, अजून शाबूत, कारण मिठाने लाकूड सडूच दिलं नाही. आपण कैरीला मीठ लावून बरणी भरतो ना, तेच! १७३४ मधे असाच एका जुन्या खाणकामगाराचा देह मिठात सापडला होता. गाव हजार वस्तीचं पण नाही आणि युरोपातल्या लोहयुगाच्या एका अख्ख्या काळाला त्याचं नाव दिलंय, १८४६ पासून रामसाउअर नावाच्या खाण अधिकाऱ्याने इथल्या शेकडो कबरी उकरल्या म्हणून.

खाली चर्चजवळ अस्थिघर आहे, तेही सोडू नका. जागा कमी म्हणून जुन्या कबरीतल्या कवट्या काढून त्यावर नाव नि फुलंपानं रंगवायचे, अशा ६०० च्या वर आहेत. भीती नाही वाटत, माया वाटते.

खाणीत थंडी असते, स्वेटर न्या. आमच्या टूरवाल्याने गावात फक्त तीन तास दिले, ते फार कमी पडले, मुक्कामच करा.