ब्लेड घ्यावा की मॅलेट? पुण्यातल्या हौशी गोल्फरसाठी पटरची तुलना

ड्रायव्हरसाठी (लांबचा पहिला फटका मारायची काठी) खिसा मोकळा सोडणारी माणसं पटर (होलजवळ चेंडू घरंगळवायची काठी) मात्र सेटबरोबर आलेलाच वर्षानुवर्षं रेटतात. हिशेब खरं तर उलटा आहे. पार ७२ च्या, म्हणजे अठरा होल ७२ फटक्यांत अपेक्षित असलेल्या कोर्सवर दर होलला दोन पट (पटरचे फटके) धरलेले असतात, म्हणजे ३६ फटके पटरच्या वाट्याचे. ड्रायव्हर बॅगेतून निघणार फार तर चौदा वेळा.

दुकानात पहिला प्रश्न येतो तो आकाराचा. ब्लेड म्हणजे अरुंद, पट्टीसारखं डोकं. मॅलेटचं डोकं मागे पसरलेलं असतं, त्यावर नेम धरायला रेघा किंवा गोल. २००१ साली आलेला ओडिसी कंपनीचा टू-बॉल हा त्यातला सगळ्यांच्या ओळखीचा. मॅलेटमध्ये वजन कडेला आणि मागे ढकललेलं असल्यामुळे चेंडू फेसच्या (डोक्याच्या चेंडूला लागणाऱ्या बाजूच्या) मध्यावर लागला नाही तरी डोकं कमी पिरगळतं आणि चेंडू फारसा आखूड राहत नाही. ब्लेडवर हीच चूक लगेच दिसते. अर्थात आजचे ब्लेडही अगदी निर्दय नाहीत. कार्स्टन सोल्हाइम या इंजिनिअरने १९६६ मध्ये पिंग अ‍ॅन्सर काढला, त्यात वजन टो (दांड्यापासून लांबचं) आणि हील (दांड्याकडचं) अशा दोन टोकांना वाटलं होतं. आज दिसणारे बहुतेक ब्लेड त्याच वळणाचे.

मोठ्या खेळाडूंकडे बघून मात्र काही ठरवू नका. टायगर वूड्सने १५ पैकी १४ मेजर (गोल्फच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धा) स्कॉटी कॅमरन या ब्रँडच्या एकाच ब्लेडने जिंकल्या. स्कॉटी शेफलरने मार्च २०२४ मध्ये ब्लेड सोडून मॅलेट धरला आणि त्याच आठवड्यात अर्नोल्ड पामर इन्व्हिटेशनल ही स्पर्धा मारली. दोन्ही बाजूंना वकील तगडे आहेत!

माझ्या मते आकारापेक्षा तोल आधी बघावा. पटरची शाफ्ट (दांडा) एका बोटावर आडवी तोला. फेस छताकडे बघत स्थिर राहिला तर तो फेस बॅलन्स्ड. टो जमिनीकडे झुकला तर टो हँग. जितका झुकेल तितका जास्त. ज्यांचा पटर सरळ मागे जाऊन सरळ पुढे येतो त्यांना पहिला प्रकार सोयीचा, ज्यांचा कमानीत फिरतो त्यांना दुसरा. तुमचा कोणता? घरी फरशीच्या सांध्यावर चेंडू ठेवा, मोबाइल मागे जमिनीवर टेकवून व्हिडिओ काढा आणि सांध्याच्या रेषेवर पट मारा. डोकं मागे नेताना रेषेच्या आत (तुमच्या बाजूला) किती वळतं ते दिसेल. कार्पेटवर करू नका, रेघच सापडत नाही.

इथे एक गफलत सर्रास होते. मॅलेट म्हणजे फेस बॅलन्स्डच, असं विक्रेतासुद्धा बिनदिक्कत सांगतो. पण आखूड, तिरक्या मानेचे (डोकं शाफ्टला जोडणाऱ्या भागाचे) मॅलेट चांगलेच झुकतात. कमानीत मारणाऱ्याला मॅलेटचा आधार हवा असेल तर असाच बघावा. बोटावर तोलून दाखवा म्हणायला लाजू नका.

त्यानंतर लांबी, आणि नुकसान सगळ्यात जास्त होतं ते इथेच. दुकानात टांगलेले पटर बहुधा ३४ किंवा ३५ इंचांचे असतात. साडेपाच फुटांच्या माणसाला ३५ इंच बहुतेकदा जास्तच होतात: कोपरं बाहेर येतात, टो जमिनीवरून उचलला जातो, डोळे रेषेच्या बरेच आत पडतात. स्टान्स घेऊन (पट मारायला उभं राहून) नाकाच्या मुळापासून दुसरा चेंडू सोडा. तो खालच्या चेंडूवर किंवा किंचित तुमच्या बाजूला पडायला हवा. ग्रिपची (मुठीची) वरची दोन इंच सोडून पकडण्याची सवय लागली असेल तर पटर लांब आहे, वेगळा पुरावा नको. शाफ्ट कापून घेता येते, पण अर्धा-अर्धा इंच करून. कापल्यावर डोकं हलकं वाटू लागतं. तळाची वजनं बदलता येणारा पटर असेल तर तेवढं भरून काढता येतं. जाड ग्रिपनेही डोकं हलकं वाटतं, मात्र मनगटं गप्प राहतात. आखूड पट रेषेबाहेर खेचणाऱ्यांनी ती वापरून बघावी.

आता आपली ग्रीन, म्हणजे होलभोवतीची बारीक कापलेल्या गवताची जागा. येरवड्याचं पूना क्लबचं कोर्स असो की बावधनच्या पलीकडचं ऑक्सफर्ड, पावसाळ्यात ग्रीन ओली आणि मंद होते. बर्म्युडा गवत म्हणजे आपली हरळीच. तिच्या पात्यांना एका बाजूला कल असतो, त्यालाच ग्रेन म्हणतात, आणि कॅडी “साहेब, ग्रेनच्या विरुद्ध आहे, जरा जोरात” म्हणतो तेव्हा ऐकावं. अशा गवतात चेंडू किंचित रुतलेला असतो, त्याला वर काढायला ३ ते ४ अंशांचा लॉफ्ट (फेसचा मागे कललेला कोन) लागतो. हात पुढे ढकलून मारत असाल तर तो आपोआप कमी होतो, म्हणून फार सपाट फेसचा पटर टाळा. लांब पटांचा अंदाज मला ब्लेडवर जास्त येतो, पण सहा फुटांवरचे पट मॅलेटने जास्त पडतात. फेस मऊ इन्सर्टचा (वेगळा तुकडा बसवलेला) की मिल केलेला (धातूतच कोरलेला), हा आवाजाचा आणि आवडीचा भाग. त्यावर डोकं शिणवण्यात अर्थ नाही.

रविवारी एकदा खेळणाऱ्याला मी ३३ किंवा ३४ इंचांचा, मध्यम आकाराचा, किंचित झुकणारा मॅलेट सांगेन. व्हिडिओत कमान स्पष्ट दिसत असेल, रोज अर्धा तास पटिंगला देणार असाल आणि मध्यावर लागलेल्या फटक्याचा ठोका हातात हवा असेल, तर ब्लेड. पटर छातीला किंवा पोटाला टेकवून मारायचा विचार असेल तर १ जानेवारी २०१६ पासून नियमांत तशी परवानगी नाही.

वापरलेला घ्यायला हरकत नाही. पटरला झीज फार नसते, ग्रिप बदलता येते. फक्त टेपने लांबी मोजा, कारण आधीच्या मालकाने तो कापलेला असू शकतो, आणि सपाट फरशीवर ठेवून मान वाकलेली नाही ना ते बघा.