6 महिन्यांचा अनुभव: बारबेल प्रोग्रामचं घोडं सव्वा किलोपाशी पेंड खातं

जिमची मेंबरशिप रिन्यू करताना काउंटरवर पुन्हा तोच वाद झाला, म्हणून लिहायला घेतलं. मागणी एवढीच होती की सव्वा किलोच्या प्लेट्सची एक जोडी आणा. उत्तर मिळालं, "बेन, लेडीज माटे डंबेल छे ने!" (ताई, बायकांसाठी डंबेल आहेत ना!)

प्रोग्राम नेहमीचाच. आठवड्यातून 3 दिवस स्क्वॉट (बारबेलचा रॉड खांद्यांवर घेऊन बैठका), बेंच (आडवं पडून छातीवरून वर ढकलणं), डेडलिफ्ट (जमिनीवरून उचलणं), ओव्हरहेड प्रेस (उभ्याने डोक्यावर ढकलणं) आणि रो (वाकून पोटाकडे ओढणं), 5-5 वेळांचे 3 सेट, जमले की पुढच्या वेळी वजन वाढवायचं. दोन महिन्यांनी लिहिलं असतं तर 2 तारे दिले असते, कारण प्रेस लगेचच ठप्प होतो. आता मत बदललं आहे. दोष प्रोग्रामचा नाही, स्टँडवरच्या प्लेट्सचा आहे.

हिशेब करून बघा. रॉड 20 किलोचा, सगळ्यात लहान प्लेट अडीचची. दोन्ही बाजूंना लावली की थेट 25, एका उडीत 25 टक्के वाढ. स्क्वॉटला 40 चे 45 म्हणजे साडेबारा टक्के, डेडलिफ्टला 60 चे 65 म्हणजे जेमतेम 8. तिथे खपून जातं, खांद्यांना नाही खपत. डंबेलचा उपाय त्याहून वाईट: 5 नंतर साडेसात, म्हणजे 50 टक्के! मुळात रिकामा रॉडच अनेकींना प्रेससाठी जड जातो. वेटलिफ्टिंगच्या स्पर्धेत बायकांचा रॉड 15 किलोचा असतो, जाडीही 28 ऐवजी 25 मिलिमीटर, त्यामुळे मूठ नीट बसते. माणिकरावांच्या आखाड्याच्या या बडोद्यात जिमवाल्यांनी असा एक रॉड ठेवायलाच हवा.

तोवर प्लेट्स स्वतः घ्या. सव्वा किलोची एक जोडी, अर्ध्या किलोची एक. मग 20, 21, 22.5, 23.5, 25 अशा पायऱ्या मिळतात. भोक मोजूनच घ्या: जिममधल्या 20 किलोच्या ऑलिंपिक रॉडची टोकं मुठीच्या जागेपेक्षा जाड असतात, त्यांना 50 मिलिमीटरचं लागतं, घरगुती सेटची प्लेट त्यावर चढतच नाही. बिडाची प्लेट छापील आकड्याइतकी भरेलच असं नाही, तेव्हा दुकानातच काट्यावर ठेवा. जोडीतल्या दोन्ही सारख्या भरल्या पाहिजेत. ऑइलपेंटने खूण करा, नाहीतर जिमच्या प्लेट्समध्ये मिसळून जातात. पावसाळ्यात गंज धरतो, तेव्हा शिलाई मशीनच्या तेलाचं बोट फिरवा.

डेडलिफ्टचं दुखणंही प्लेट्सचंच. मोठ्या प्लेटचा व्यास 45 सेंटिमीटर, म्हणून रॉड जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर राहतो. 5 किलोची बिडाची प्लेट लहान, रॉड फार खाली जातो, वाकताना कंबर गोल होते, आणि मग ट्रेनर सांगतो की बायकांनी डेडलिफ्ट करू नये. दोन्ही बाजूंच्या प्लेट्सखाली स्टेपर (एरोबिक्सचा बुटका पाट) किंवा आडव्या प्लेट्स ठेवा आणि रॉड नडगीच्या मध्यापर्यंत वर घ्या. पाठ सरळ राहते.

स्मिथ मशीनवरचे (जिथे दांडा खांबांमधल्या रुळांवर वर-खाली सरकतो) आकडे यात धरू नका. तिथल्या दांड्याचं वजन मशीनगणिक वेगळं असतं.

खाण्याबद्दल थोडक्यात: वजन 60 किलो असेल तर दिवसाला 95 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन धरा. नुसत्या वरण-भातावर ते होत नाही. 50 ग्रॅम कोरड्या सोयावडीत 25 ग्रॅम तरी मिळतं, 100 ग्रॅम पनीरमध्ये 18 च्या आसपास.

प्रोग्रामला 4 तारे, जिमला 2. वार्षिक पॅकेज घेतलं नाही, तिमाहीच भरली. सव्वा किलोची जोडी स्टँडवर दिसली की जिमचा एक तारा वाढवीन.