स्विफ्टचे टायर बदलताना: जास्त टिकणारा घ्यावा की जास्त धरणारा?

स्विफ्ट आणि डिझायरच्या वरच्या व्हेरिएंटना १८५/६५ आर१५ हे माप येतं (रुंदी १८५ मिमी, बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के, रिम १५ इंची). दुकानात या मापाचे टायर ढोबळमानाने दोन जातींचे मिळतात. सिएट मायलेझ एक्स३, अपोलो अमेझर ४जी लाइफ यांचा भर टिकण्यावर आहे. योकोहामा अर्थ-१, मिशेलिन एनर्जी एक्सएम२ प्लस यांचा भर आराम आणि ओल्या रस्त्यावरच्या ब्रेकिंगवर.

टिकाऊ टायरचं रबर सावकाश झिजतं, पण सहसा ओल्या रस्त्याला कमी धरतं. जूनच्या पहिल्या सरीत डांबरावरचं तेल आणि धूळ वर येते तेव्हा हे कळतं: ब्रेक दाबला की एबीएस (चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) लवकर जागं होतं, पेडल पायाखाली थरथरतं आणि गाडी थोडी पुढे जाऊनच थांबते. पकडीचा, म्हणजे मऊ रबराचा टायर तिथे चांगला धरतो, आवाजही कमी करतो. पण त्याची नक्षी लवकर संपते.

वर्षाला १० हजार किलोमीटरच्या आत गाडी चालत असेल तर पकडीचाच घ्या. पाच-सहा वर्षांत रबर तसंही कडक होतं, त्यामुळे टिकाऊ टायरचे उरलेले किलोमीटर तुमच्या हाती लागतच नाहीत. वर्षाला २५ हजार, तेही बहुतेक कोरड्या हायवेवर, असं असेल तर टिकाऊ टायर पैसे वसूल करतो. कोकणात घाट आणि चार महिने पाऊस असेल तर मात्र पकडच, किलोमीटर कितीही असोत.

खड्ड्यांचा प्रश्न दोन्ही जातींना आहे. खड्ड्याची कड आणि रिम यांच्यात साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) चिमटते, आतले धागे तुटतात आणि हवा रबराला बाहेर ढकलते. तोच तो फुगा. त्याला दुरुस्ती नाही, टायर बदलावाच लागतो. हवा कमी असेल तर फुगा येण्याची शक्यता वाढते. कमी हवेवर समृद्धी महामार्गावर सलग १२० चा वेग ठेवला की साइडवॉल सतत दुमडत राहते, टायर तापतो आणि फुटू शकतो. तिथे ब्रँडपेक्षा हवेचा काटा महत्त्वाचा.

‘१९५ टाका, गाडी बसेल मस्त’ असं दुकानदार हमखास म्हणतो. १८५/६५ चा व्यास साधारण ६२१ मिमी, १९५/६५ चा ६३४. म्हणजे चाक २ टक्के मोठं: पिकअप थोडा मंदावतो, मायलेज उतरतं, स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आत घासू शकतो. रिमवर ५जे (म्हणजे ५ इंच रुंद) लिहिलेलं असेल तर १९५ नकोच, त्याला किमान साडेपाच इंची रिम लागते. मूळ माप ठेवा. लोड इंडेक्स, म्हणजे टायर पेलू शकेल त्या वजनाचा आकडा, ८८ (एका टायरला ५६० किलो) असेल तर त्याखाली उतरू नका. कमाल वेग सांगणारं अक्षर टी (ताशी १९० किमी) असलं तरी इथल्या रस्त्यांना पुरेसं आहे, फक्त मॅन्युअलमध्ये दिलेल्यापेक्षा खालचं नको.

टायर बसवण्याआधी साइडवॉलवरचा टायर कधी बनला ते सांगणारा चार आकडी कोड स्वतः वाचा. ३२२५ म्हणजे २०२५ चा ३२ वा आठवडा. वर्षाहून जुना माल परत करा. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, बिलात तो तपासा.

कायद्याने नक्षी १.६ मिमीपर्यंत चालते, पण ३ मिमी उरली की पावसाळ्याआधीच बदला. दोनच घेणार असाल तर नवे मागे लावा. पुढचे घसरले तर स्टिअरिंगवर कळतं. मागचे गोटा असले तर ओल्या वळणावर गाडीची शेपूट फिरते आणि सावरायला वेळ मिळत नाही. सोबत नवे व्हॉल्व्ह, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून घ्या. ५० ते १०० किलोमीटरनंतर चाकाचे नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासून घ्या.