नळाला एरेटर लावून पाणीपट्टी उतरते का? काही महिन्यांच्या वापरानंतर

उतरते, पण सरसकट सगळ्या नळांना एरेटर, म्हणजे धारेत हवा मिसळून पाणी कमी सोडणाऱ्या जाळ्या, बसवून नाही. पाणी वाचतं ते नळ चालू ठेवून काम होतं तिथेच: भांडी, भाजी, बेसिन. बादली भरायच्या चावीला एरेटर लावणं म्हणजे पैसे वाया. १५ लिटरची बादली १५ लिटरच घेणार, फक्त भरायला जास्त वेळ लागणार.

आधी १ लिटरचं माप नळाखाली धरा. ५ सेकंदांत भरलं तर मिनिटाला १२ लिटर जातात. भांड्यांना मिनिटाला ६ लिटर सोडणारा एरेटर पुरतो, ३ लिटरचा बेसिनलाच ठीक. भांड्यांसाठी नळ दिवसाला १५ मिनिटं चालत असेल तर ९० लिटर वाचतात, म्हणजे महिन्याला २.७ युनिट (१ युनिट म्हणजे १००० लिटर). सांडपाणी अधिभार पाण्याच्या रकमेवर लागत असेल तर तोही त्या प्रमाणात उतरतो.

नळाच्या तोंडाला बाहेरून आटे असतील तर सहसा २२ मिमीचा बसतो, आतून असतील तर २४ मिमीचा. हातानेच आवळा, पान्याने जोर दिला की रबरी वायसर फाटतो आणि कडेने पाणी झिरपतं. साध्या लाँग बॉडी (भिंतीपासून लांब बाहेर येणाऱ्या) नळाला बहुधा आटेच नसतात.

वरच्या मजल्यावर निराशा होते. टाकी नळापासून ३ मीटर उंच असेल तर दाब जेमतेम ०.३ बार मिळतो, आणि पाकिटावरचा आकडा त्याहून बऱ्याच जास्त दाबाचा असतो. पावसाळ्यात किंवा लाईन दुरुस्तीनंतर गढूळ पाणी सुटलं की जाळी तुंबते. अर्धा तास व्हिनेगरमध्ये ठेवून जुन्या ब्रशने घासली की धार परत येते.

बिल एकदम चढलं असेल तर मात्र एरेटरच्या नादाला लागू नका, गळती शोधा. पाणी आलेलं असताना खालच्या टाकीचा बॉल कॉक (टाकी भरली की पाणी बंद करणारा तरंगता गोळा) हाताने वर धरून बंद करा, घरात थेट लाईनवरचे नळही बंद ठेवा आणि मीटरची छोटी लाल चक्री बघा. तरी फिरत असेल तर मीटर ते टाकी किंवा थेट लाईनच्या पाईपमध्ये गळती आहे. थांबली तर रात्री गच्चीवरच्या टाकीत पातळीला खडूची खूण करा, पंप आणि नळ बंद ठेवा. १.१ मीटर व्यासाच्या गोल टाकीत पातळी १ सेंमी उतरली तर साडेनऊ लिटर गेले. अशा वेळी पहिला संशय फ्लशच्या टाकीतल्या रबरावर घ्या: टाकीत हळद कालवा, फ्लश न ओढता संडासाच्या भांड्यात पिवळं उतरलं तर ते रबर बदला.