देहस्वभावाने चालणे की आत्म्याने?

बायबलच्या नव्या करारातील गलतीकरांस पत्राच्या 5व्या अध्यायात प्रेषित पौल दोन याद्या शेजारीशेजारी ठेवतो: एक देहस्वभावाच्या, म्हणजे माणसातल्या पापी वृत्तीच्या, कर्मांची आणि दुसरी पवित्र आत्म्याच्या फळाची. देहस्वभावाची कर्मे म्हटली की आपल्याला दारू आणि जारकर्म आठवते. ते यादीत आहेच. पण पुढे वाचा: वैर, कलह, मत्सर, राग, तट, फुटी, पक्षभेद, हेवा. निम्मी यादी भांडणांचीच, आणि पत्र तर ख्रिस्ती मंडळ्यांना लिहिलेले! म्हणजे दारूच्या थेंबाला न शिवणारा, दर रविवारी पुढच्या बाकावर बसणारा माणूसही देहस्वभावाने चालत असू शकतो.

नाताळच्या कार्यक्रमात आभार मानताना एकाचे नाव राहून जाते. देहस्वभाव लगेच हिशेब मांडतो: वर्गणी कोणी दिली, खुर्च्या कोणी लावल्या, पुढच्या वर्षी बघूनच घेतो. आत्म्याने चालणाऱ्यालाही ते लागतेच. पण तो ते दुखणे प्रार्थनेत देवापुढे मांडतो आणि पुढच्या रविवारी नाव विसरणाऱ्या त्याच माणसाशी आपणहून बोलतो. दुसऱ्या यादीतल्या प्रीती, सहनशीलता, सौम्यता दिसतात त्या इथे.

आत्म्याने चालणे म्हणजे शरीराचा तिरस्कार नव्हे. जेवण, झोप, संसार हे देवाचेच देणे. उलट उपास करूनही गर्व पोसता येतो, आणि तो देहस्वभावच.

नुसत्या निश्चयाच्या बळावर चांगले वागू पाहणारा थकतो. रोमकरांस पत्राच्या 7व्या अध्यायात हीच तळमळ आहे. 8व्यात पौल आत्म्याकडे वळतो, जो आपल्या अशक्तपणात साहाय्य करतो. म्हणून मोठमोठ्या संकल्पांपेक्षा रोज सकाळी वचन वाचणे आणि कालचे पाप नाव घेऊन कबूल करणे मला अधिक मोलाचे वाटते.