नागपुरात दोन उन्हाळे काढलेला पातळ लॅपटॉप

दोन उन्हाळे वापरून झाल्यावर लिहितेय, कारण लॅपटॉप खरा कसा आहे ते मे महिन्यातच कळते. १४ इंची, मेटल बॉडी, दीड किलोच्या आत, ७२ हजारांचा. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, हा त्रास एकाच कंपनीचा नाहीये, पातळ बॉडीत मोठा प्रोसेसर कोंबला की हेच होते.

स्क्रीन एक नंबर आहे, कीबोर्डही छान, त्याबद्दल तक्रार नाही. मी मानेवाड्याला घरूनच ऑटोकॅडचं, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे-ड्रॉइंग काढायच्या सॉफ्टवेअरचं काम करते, दिवसाचे आठ-नऊ तास. हिवाळ्यात मस्त चालला. एप्रिल लागला अन् कीबोर्डच्या वरची जी मेटलची पट्टी असते ना, तिच्यावर बोट ठेववेना. ऑटोकॅडवाल्यांना माहीत आहे, डावा हात सारखा एस्केपवर जातो, आणि एस्केप नेमका त्या पट्टीला लागून, दुपारी तीन वाजता दर वेळी चटका बसायचा. खालचे रबराचे पाय पण गोंद पघळून निघून आले. मांडीवर घ्यायचा तर प्रश्नच नाही, रोज अशी धग लागत राहिली तर कातडीवर जाळीसारखे काळपट डाग पडतात.

चटक्यापेक्षा वाईट म्हणजे स्लो होणं. टेम्परेचर दाखवणारं सॉफ्टवेअर टाकून पाहिलं तर ९७-९८ अंश, आणि तिथं पोचलं की प्रोसेसर स्वतःला वाचवायला स्पीड पाडतो, ४ गिगाहर्ट्झवरून सरळ १.३ वर. साधा हॅच मारला, म्हणजे ड्रॉइंगच्या एखाद्या भागात रेघांची नक्षी भरली, तरी स्क्रीन अडकून राहायची, क्लायंट फोनवर थांबलेला.

पहिल्या उन्हाळ्यात वॉरंटी होती म्हणून सर्व्हिस सेंटरला नेला. त्यांनी एसीत अर्धा तास चालवून पाहिला आणि "मॅडम, लिमिटमध्ये आहे, एसी रूममध्ये वापरत जा" म्हणून परत दिला. मला याचा खरंच राग आला. बॉक्समधल्या पुस्तिकेत बारीक अक्षरात लिहिलंय की ३५ अंशापर्यंतच्या हवेत वापरा, आणि विकता कुठं, तर २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ गेलेल्या नागपुरात! आमची खोली स्लॅबखालची, कूलर चालू असला तरी दुपारी ३३-३४, लाइन गेली की ३९. लॅपटॉपचा पंखा खोलीतलीच हवा आत ओढतो, तीच तापलेली असेल तर तो बिचारा थंड कशानं करणार?

दुसऱ्या उन्हाळ्यात वॉरंटी संपली होती, मग सीताबर्डीला एका गल्लीतल्या छोट्या दुकानात गेले आणि तिथं मात्र पैसे वसूल झाले. त्या दादांनी माझ्यासमोरच खालचं झाकण उघडलं. पंखा आणि तांब्याच्या नळीच्या टोकाची बारीक जाळी यांच्या मधात धुळीचा अख्खा थर बसला होता, चिमट्यानं ओढला तर नमद्याच्या तुकड्यासारखा सलग निघाला, त्यात कूलरच्या गवताचे तूस पण होते. प्रोसेसरची उष्णता तांब्याच्या नळीकडे पोचवणारी थर्मल पेस्ट तर पानावर वाळलेल्या चुन्यासारखी, नखानं खरवडली तर भुगा. साफसफाई अन् नवीन पेस्ट मिळून ७०० रुपये, पाऊण तासात काम. घरी येऊन तेच ड्रॉइंग उघडलं तर ८५-८६ च्या वर गेला नाही. कूलरच्या समोर ठेवू नका, ओलसर हवा आणि तूस दोन्ही आत जातात, हे पण त्यांनीच सांगितलं.

बाकी उपाय पण केले. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट १०० चं ९९ केलं की टर्बो, म्हणजे प्रोसेसरनं आपोआप जास्तीचा स्पीड घेणं, बंद होतो, त्यानं आणखी दहा-बारा अंश उतरले, स्पीड थोडा कमी पण दिवसभर एकसारखा राहतो आणि मला तेच पाहिजे होतं. चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवून ठेवलंय, उष्णतेत फुल चार्ज बॅटरी लवकर खराब होते. १२०० चा कूलिंग पॅड घेतला त्यानं जेमतेम तीन-चार अंशांचा फरक, त्यापेक्षा मागच्या कडेखाली बाटलीची दोन झाकणं ठेवली तरी तेवढंच होते. गादीवर, उशीवर तर ठेवूच नका, हवा घ्यायची भोकं खालीच असतात.

मागच्या आठवड्यात बहिणीसाठी लॅपटॉप पाहायला गेलो तर ती पण अशाच पातळवाल्यावर अडून बसली होती. इंटेलमध्ये प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एच असेल तर तो साधारण ४५ वॅटचा, यू असेल तर १५ वॅटचा, जितके वॅट जास्त तितका तापणार, आणि तिला कॉलेजचं टायपिंग अन् लेक्चर एवढंच करायचं आहे. दुकानदाराला सांगून तो पातळवाला अन् एक जाड, दोन्ही लॅपटॉप उलटे करायला लावले, पोटाकडच्या जाळ्या पाहिल्या, एकाला बोटभर फट होती अन् दुसऱ्याला अर्ध्या पाठभर. जाड होता तरी दुसराच घेतला, १५ वॅटचा. काल दुपारी ती तीन तास बसली होती, उठल्यावर मी एस्केपवर बोट ठेवून पाहिलं, कोमट होतं.